वाकड्या मानेचा पक्षी

शीताईचं खरं नाव आता तिच्या दिरालाही चटकन आठवायचं नाही. दर दुसऱ्या वाक्याला ‘शी!’ म्हणते म्हणून गल्लीनं तिला शीताई केलं, आणि तिनंही ते मुकाट्यानं घेतलं. नाही तरी कोणत्या तोंडानं नाकारणार होती? कपाच्या कडेला ओघळ दिसला, शी. कोणी बोटाला थुंकी लावून वर्तमानपत्राचं पान उलटलं, शी शी. दुसऱ्याच्या घरी ती पाणीसुद्धा पीत नाही. कोणी फारच आग्रह केला तर म्हणते, ‘आत्ताच पिऊन आले,’ आणि खोटं बोलल्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नाही.

आणि अशा बाईच्या वाट्याला काम कोणतं यावं? लोकांचे गालिचे धुण्याचं. आता बोला!

तुम्हीआम्ही गालिचा बघतो वरून. शीताई बघते आतून. तो कठड्यावर उलटा टाकून पाठीवर चोप दिला की जे खाली पडतं, त्याचं वर्णन ती जेवणाच्या वेळी मुद्दाम करते, आणि धाकटा दीर ताट उचलून दुसऱ्या खोलीत जातो. कापलेली नखं. केसांचे गुंते. चघळून चिकटवलेलं च्युइंगगम. लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळ्या, त्यांची पांढरी कोषटं, आणि त्या कोषटांमध्ये अडकलेले कोणाच्या तरी लूत लागलेल्या कुत्र्याचे केस. मग पाण्याचा पाइप सोडला की फरशीवरून वाहणारं पहिलं पाणी असं काही येतं की बघणाऱ्याला वाटावं, या घरात माणसं राहत होती की गुरं? बरं, आणणारी बाई अत्तर लावून, नाकावर गॉगल चढवून आलेली असते. ‘फारसा मळलेला नाहीये हं,’ म्हणून सांगते. शीताई मान डोलावते आणि ती वळली की हातमोजे चढवते.

तिच्या स्वतःच्या घरात जमिनीवर चिंधीसुद्धा नाही. उघडी फरशी, सकाळ-संध्याकाळ पुसलेली. बसायचं असेल तर खुर्चीवर बसा, नाही तर उभे राहा.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला धुण्याच्या अंगणात पाय टाकणंसुद्धा जिवावर यायचं. पण सासरे रफूचं काम करायचे, आणि त्यांच्या शेजारी बसून तिला सुई आवडायला लागली. सासऱ्यांनी तिला गालिचा वाचायला शिकवला. एकेक गाठ मारून, तिच्यावर पुढची, असा तो कसा चढत जातो. पाठ बघितली की हाताचा कुठला आणि यंत्राचा कुठला हे कसं कळतं. मधलं मोठं फूल, कोपऱ्यातल्या कोयऱ्या, सरूची उभी झाडं, फुलाभोवती फेर धरणारे मासे, कडेनं धावणारी वेल. हा सगळा गोतावळा तिला तोंडपाठ झाला. नवऱ्याला मात्र अंगण मानवलं नाही. चोप देताना उडणारी धूळ आणि लोकरीची बारीक कुसळं त्याच्या छातीत बसली, आणि खोकून खोकून तो गेला. डॉक्टरांनी काढलेला छातीचा फोटो बघून तिच्या तोंडून ‘शी’ सुद्धा निघालं नाही. तेव्हापासून मळ म्हटला की तिचं डोकं फिरतं. तिच्या लेखी तो नुसता मळ नाही, तो तिचा नवरा खाऊन बसलाय.

सासरे गेल्यावर धंदा धाकट्याच्या हातात आला. धाकटा गोड बोलणारा. इतका गोड, की दोन वाक्यं ऐकल्यावर तोंड धुवावंसं वाटतं. त्याच्या लक्षात आलं, की लोकांना नवा गालिचा नको असतो, जुना हवा असतो. फक्त जुन्यात जे जे असतं ते नको असतं. मग त्यानं गालिचे जुने करायला सुरुवात केली. कोरा करकरीत, काल मागावरून उतरलेला माल आणायचा, रंग उडवायच्या पाण्यात बुडवायचा, चहाच्या उकळीत घोळवायचा, अंगणासमोरच्या रस्त्यावर पसरून टेम्पो आणि हातगाड्या त्याच्यावरून जाऊ द्यायच्या. वर गॅसची ज्योत फिरवून लोकरीची टोकं जाळायची आणि ब्रश मारायचा. झाला आजोबांच्या काळातला! गिऱ्हाईक येतं, हात फिरवतं, डोळे मिटून म्हणतं, ‘वा, काय इतिहास आहे!’

‘टेम्पोचा इतिहास आहे,’ शीताई आतून पुटपुटते.

‘वहिनी, हळू,’ धाकटा दात काढत म्हणतो.

‘मळ तरी खरा असतो रे मेल्या! तुझं हे त्याहून घाण आहे. तुझ्या हातचं जेवण मला जात नाही.’

‘मग तुम्हीच करा ना स्वैपाक.’

‘मीच करते!’ आणि खरोखर तीच करत होती, त्यामुळे भांडण तिथंच संपायचं.

अशा या अंगणात उन्हाळ्याच्या तोंडाला एक बाई गुंडाळी घेऊन आली. तिच्या वडिलांचा गालिचा. वडील घड्याळजी, सगळ्या भागात घड्याळजी म्हणूनच ओळखले जाणारे, आता दुकान बंद करून घरी बसलेले. लेक नुकतीच त्यांना सांभाळायला परत आली होती. ‘मांजर आहे,’ ती ओशाळून म्हणाली. पुढचं सांगायची गरज नव्हती. वास तिच्या आधी पोचला होता. ‘धुऊन द्या. आणि काही विरलंबिरलं असेल तर तेही बघा. घाई नाही, पण बाबा सारखं विचारतात.’

नाकाला फडकं बांधून शीताईनं गुंडाळी उलगडली आणि पाठ बघितली. मग पुढून बघितला. मग फडकं खाली ओढून पुन्हा बघितला.

खरा होता. जुना, हाताचा, इराणी. सासऱ्यांनी ज्याचं वर्णन करता करता हात हवेत फिरवावेत असा. लाल असा की इतक्या वर्षांतही हलला नव्हता. मासे, सरू, कोयऱ्या, सगळी मंडळी जागच्या जागी, आणि एका कोपऱ्यात, वेलीच्या आत, एकटाच एक छोटा पक्षी. दुसऱ्या तिन्ही कोपऱ्यांत फुलं. विणणाऱ्या बाईला मधेच काय सुचलं कोणास ठाऊक, तिनं फुलाच्या जागी पक्षी घातला होता, आणि तोही धड नाही. मान मधेच मोडल्यासारखी मागं वळलेली, वर गाठींचा एक उंचवटा. गाठी चुकल्या असणार.

पण अवस्था? शी! आकृत्यांभोवतीच्या सगळ्या काळ्या रेघा खाल्लेल्या. जुने रंगारी काळा रंग लोखंडाच्या गंजातून काढायचे आणि तो रंग वर्षानुवर्षं लोकरीला आतून खात राहतो. लाल-निळं शाबूत राहतं, काळं तेवढं झडतं. प्रत्येक माशाभोवती, प्रत्येक पानाभोवती खोल खाच, आणि खाचेत कसला कसला जुना चिकटा. शीताईला ते खरूज झालेल्या अंगासारखं दिसलं. एवढं देखणं काम आणि ही दशा! मांजराचा वास तीन धुण्यांत गेला. त्या खाचा मात्र तिच्या डोळ्यांत खुपत राहिल्या.

सबंध उन्हाळा तिनं त्या गालिच्यावर घातला. कोणी सांगितलं नव्हतं एवढं करायला. पण बाहेर धाकट्याची ज्योत फरफरतेय, करपलेल्या लोकरीचा घाणेरडा वास सगळ्या घरात भरलाय, आणि आत आपण एक खरी वस्तू नीट करतोय, या एका गोष्टीवर ती ते दिवस जगली. जुने काळे खुंट उपटायचे, खाच साफ करायची, नवी काळी लोकर घेऊन गाठीला गाठ लावत भरत जायचं, वरून कात्रीनं सपाट करायचं. शेवटी तिनं हात फिरवला तर कुठं खड्डा नाही, कुठं चढ नाही. आणि जाता जाता त्या पक्ष्याची मानही तिनं सरळ करून टाकली. मोडक्या मानेचा तो जीव तिला बघवेना. उंचवटा कातरला, वाकडी जागा लालानं भरली, सरळ रेघ काळ्यानं ओढली. आता कसा शहाण्यासारखा समोर बघत होता.

लेक न्यायला आली तेव्हा तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. ‘अगं बाई! हा आमचाच?’ शीताईनं उगाच ब्रश झटकला. आतून मात्र ती खूश होती, उगाच कशाला नाकारा.

दुसऱ्या दिवशी लेक परत आली, गुंडाळीशिवाय, आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं असताना दारातूनच म्हणाली, ‘आमचा गालिचा द्या.’

‘दिला ना काल,’ धाकटा म्हणाला.

‘तो आमचा नाही. बाबा म्हणतात बदललाय. काल दुपारपासून जेवले नाहीत ते. एकच म्हणतात, माझा नेला, दुसरा आणून टाकला.’ तिची नजर मागच्या अंगणात गेली. तिथं दोरीवर चहाचं पाणी निथळत असलेले तीन ‘आजोबांच्या काळातले’ गालिचे वाळत होते. ती ते बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते शीताईनं ओळखलं. लोकांच्या घाणीकडे ती स्वतः तसंच बघायची.

दोन्ही गिऱ्हाइकं निघून गेली. लेकही गेली. धाकटा पोट धरून हसायला लागला. ‘वहिनी, आयुष्यभर खोटं विकलं, कोणी हूं की चूं केलं नाही. एकदा खरं परत दिलं, तर चोर!’

‘हसू नकोस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय.’

‘त्यात काय एवढं? म्हाताऱ्याला काय हवंय? खराब हवाय ना? आणा इकडं, ज्योत फिरवतो, दोन जागी खरवडतो. हाच माझा म्हणून मिठी मारेल.’

‘हात लावून बघ,’ शीताई म्हणाली, ‘तुझाच रंग उडवून दोरीवर टाकते.’ आणि ती सुई, कात्री, लोकर पिशवीत भरून निघाली. आयुष्यात पहिल्यांदा ती गिऱ्हाइकाच्या घरी जात होती.

घर तळमजल्यावर होतं. दार उघडताच मांजर पायांत आलं. शी! आत जुन्या तेलाचा आणि बंद खिडकीचा वास. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, एकही चालू नाही. मधोमध तिचा सबंध उन्हाळा पसरलेला, आणि त्याच्या कडेला, गालिच्याला पाय लागणार नाहीत असे आखडून घेऊन, एक म्हातारा बुटक्या स्टुलावर बसलेला. अंगावर बिस्किटाचा चुरा. डोळे उघडे, पण दाराकडे नाही, कुठंच नाही.

शीताईला एका क्षणात कळलं.

‘यांना...’ ती लेकीकडे वळली.

‘दिसत नाही. बरीच वर्षं झाली. सांगितलं नव्हतं का मी?’

नव्हतं सांगितलं. आणि सांगितलं असतं तरी शीताईच्या टाळक्यात काय शिरलं असतं, देव जाणे.

‘आल्या का त्या?’ घड्याळजी म्हणाले. आवाज चढा नव्हता. ‘बाई, तुमच्यावर माझा राग नाही. चांगलाच गालिचा दिला असणार तुम्ही. लेक म्हणते फार सुरेख आहे. पण माझा परत द्या. डोळे जात होते ना, तेव्हा बायकोनं मला तो शिकवला होता. माझं बोट धरून खाचेतून फिरवायची आणि सांगायची, हे लाल, हा मासा, हा दुसरा मासा, आता झाड. दिसेनासं झालं तोवर सगळा पाठ झाला. ती गेल्यावर रोज दुपारी मी तेच करतो. बोट फिरलं की तिचं बोलणं आठवतं. यात काय आहे?’ त्यांनी खाली वाकून तळवा फिरवला. ‘सपाट. टेबलावर हात फिरवल्यासारखं. इथं कोणीच नाही.’

शीताईच्या तोंडाला कोरड पडली. पाणी मागावंसं वाटलं, पण मागितलं नाही.

‘हा तुमचाच आहे,’ ती म्हणाली. ‘खाचा मी भरल्या.’

‘बाई, मी आंधळा आहे, खुळा नाही.’

‘थांबा. दाखवते.’

आता तिला गालिच्यावर बसावं लागणार होतं. गिऱ्हाइकाच्या घरात, जमिनीवर, मांजराच्या केसांत. ती बसली. कोपरा उलटा केला, पाठीकडून काळ्या गाठी कापल्या, पुढून चिमट्यानं ओढून काढल्या. स्वतःच्याच हातच्या गाठी; चांगल्या बसल्या होत्या, निघता निघेनात. पक्ष्याभोवतीची खाच मोकळी झाली तशी तिनं घड्याळजींना बोलावलं. ते स्टुलावरून उतरून गुडघ्यावर आले. बोट टेकवलं. शेपटीवरून पाठीवर, पाठीवरून वर. चेहरा उजळत चालला होता, तो मधेच विझला.

‘नाही,’ त्यांनी हात काढून घेतला. ‘पक्षी आहे खरा. पण माझ्या पक्ष्याची मान अशी नव्हती.’

लेकीनं हुंकार दिला. आता झालं ना सिद्ध, असा.

शीताईला दरदरून घाम फुटला. सरळ मान! ती तर साफ विसरली होती. एवढी एकच खूण होती जगात, की हा गालिचा दुसरा कुठला नाही, आणि तीच तिनं शहाणपणा करून पुसली होती. धाकटा बरा म्हणायचा. तो निदान जाणूनबुजून करतो. तिला स्वतःची इतकी किळस आली की हात फडक्याला पुसावे लागले.

‘वाकडी होती,’ ती म्हणाली. ‘मी सरळ केली.’

‘का?’

‘बघवेना मला.’

‘अहो पण,’ घड्याळजी काकुळतीनं म्हणाले, ‘मला कुठं बघायची होती!’

शीताईनं पिशवीतून लाल लोकर काढून सुईत ओवली.

‘ऐका,’ ती म्हणाली. ‘कशी वाकडी होती, कुठं, किती, ते मला सांगू नका. तुम्हीही नाही,’ हे लेकीला. ‘मी करते. चुकली तर मी चोर. पोलिसांत द्या मला.’

‘मलाच माहीत नाही,’ लेक म्हणाली. ‘मी कधी नीट बघितलाच नाही तो.’

दुपार कलेपर्यंत शीताई वाकून बसली होती. सरळ खाच लाल लोकरीनं भरली. मग उन्हाळ्यात भरलेली लाल गाठ न गाठ शोधून काढली, आणि त्या जागी जुनं उघडं सूत दिसायला लागलं. हातांना आठवत होतं. इथून मागं, थोडी खाली, मग दोन गाठी जास्त मारून तो उंचवटा, मग चोच वेलीकडे. घड्याळजी शेजारी बसून कात्रीचा आवाज ऐकत होते. मधेच मांजर येऊन शीताईच्या मांडीला पाठ घासत राहिलं. तिनं ‘शी’ म्हटलं, पण ढकललं नाही. दोन्ही हात गुंतले होते.

‘बघा,’ ती म्हणाली, आणि जीभ चावली.

घड्याळजींनी बोट ठेवलं. शेपूट. पाठ. मान वर गेली, थांबली, मागं वळली, उंचवट्यावरून उतरली. तिथं बोट थांबलं आणि परत फिरलं, पुन्हा उतरलं. मग त्यांनी चाचपत शीताईचा हात धरला. तळहात बिस्किटानं चिकट, नखं वाढलेली. शीताईनं श्वास रोखला आणि हात तसाच राहू दिला. त्यांनी तिचंच बोट खाचेत ठेवलं आणि फिरवायला लागले.

‘लाल,’ ते सांगत होते. ‘इथपर्यंत लाल. आता काळं. ही मान. वाकडी का, तर मागं कोण राहिलं ते बघतोय तो. असं ती म्हणायची. पुढं चाललाय, पण बघतोय मागं.’

शीताईनं मान खाली घातली. रडणं ही तिच्या मते फार ओली गोष्ट होती, नाक वगैरे पुसावं लागतं. ती तिनं लेकीसमोर केली.

लेक पाण्याचा पेला घेऊन आली. काठावर बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. शीताईनं ते बघितले, डोळे मिटले आणि पाणी प्यायली.

‘आता मासे,’ घड्याळजी म्हणाले.

‘काय?’

‘मासे, बाई. झाडं, पानं, वेल. एका पक्ष्यानं माझं कसं भागेल?’

शीताईनं सबंध गालिच्यावर नजर टाकली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिची काळी रेघ पसरली होती, कुठं खड्डा नाही, कुठं चढ नाही. सगळा उन्हाळा. तिनं पिशवी जवळ ओढली, गालिचा उलटा केला आणि पहिल्या माशाची पाठ पकडली. कात्री गाठीखाली शिरेना.

‘शी!’ ती करवादली. ‘काय घट्ट गाठी मारून ठेवल्यात मेलीनं!’

‘कोणी?’ घड्याळजींनी विचारलं.

‘मीच,’ शीताई म्हणाली, आणि कापायला लागली.